शॉर्ट लिंक कोणाच्या नावावर?

नमस्कार. इथे बसलेले बहुतेक जण दिवाळी अंक, छोटी नियतकालिकं किंवा सार्वजनिक वाचनालयं चालवणारे आहेत. म्हणून मी जाहिरातवाल्यांच्या अंगाने बोलणार नाही. तुमची लिंक कागदावर छापली जाते, हे धरून बोलणार आहे. व्हॉट्सॲपवर चुकीची लिंक गेली तर दुसरी पाठवता येते. अंकाच्या चाळिसाव्या पानावर छापलेली लिंक मात्र पुढची वीस वर्षं कुणाच्या तरी कपाटात तशीच राहते. ती तेव्हाही उघडावी असं वाटत असेल, तर ती उभी आहे ती जागा कोणाची, हे आधी पाहायला हवं.

शॉर्ट लिंक म्हणजे लांबलचक वेबपत्त्याऐवजी वापरायचा आखूड पत्ता. तिच्यात दोन भाग असतात. तिरप्या रेघेआधीचं डोमेन आणि रेघेनंतरची खूण. फुकटची सेवा वापरली की खूण आपली असते, डोमेन त्यांचं. गूगलने २००९ मध्ये अशीच सेवा सुरू केली होती. २०१९ पर्यंत तिच्यावर नव्या लिंक बनवणं पूर्ण बंद झालं, जुन्या चालू राहिल्या. मग २०२४ च्या जुलैमध्ये जाहीर झालं, की २५ ऑगस्ट २०२५ नंतर जुन्याही उघडणार नाहीत. शेवटच्या महिन्यात त्यांनी निर्णय सौम्य केला आणि वापरात असलेल्या लिंक ठेवल्या. पण ज्या लिंककडे बराच काळ कुणी फिरकलं नव्हतं, त्यांना अभय मिळालं नाही. छापील अंकातल्या लिंकचं नेमकं हेच असतं. वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही आणि मग एखादा अभ्यासक येतो. एवढ्या मोठ्या कंपनीच्या बाबतीत हे घडतं, तर बाकीच्यांचं काय सांगावं?

म्हणून डोमेन स्वतःचं हवं. एकदा ते आपलं झालं, की मागची सेवा बदलली तरी छापलेली लिंक मरत नाही. डोमेनच्या नोंदी नव्या सर्व्हरकडे वळवायच्या आणि कोणती खूण कुठे जाते ती यादी तिथे भरायची. ही यादी मात्र सेवेच्या पोटात ठेवून चालत नाही. साध्या एक्सेलमध्ये तिची प्रत आपल्याकडे हवीच.

आता डोमेनचा शेवट कोणता घ्यायचा? इथे मी थोडा थांबतो, कारण बहुतेक जण इथेच फसतात. शेवटची दोन अक्षरं गोंडस दिसतात म्हणून घेतली जातात, पण दोन अक्षरी शेवट हा एखाद्या देशाचा किंवा प्रदेशाचा असतो. लिंक आखूड करून देणाऱ्या बिटली या सेवेचं एलवाय हे लिबियाचं. यूट्यूबच्या छोट्या लिंकमधलं बीई हे बेल्जियमचं. गूगलच्या त्या सेवेचं जीएल ग्रीनलंडचं. त्या डोमेनचा सातबारा तिकडच्या कायद्याने चालतो. २०१० मध्ये व्हीबी डॉट एलवाय नावाची छोटी शॉर्टनर सेवा लिबियाच्या नोंदणी संस्थेने काढून घेतली. तिथला मजकूर लिबियाच्या कायद्यात बसत नाही, हे कारण. पुढे चारपेक्षा कमी अक्षरांची नावं स्थानिकांसाठीच राखली गेली. २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या एएफवरचं क्विअर डॉट एएफ हे सोशल नेटवर्कचं नाव तालिबान सरकारने बंद केलं. आणि हे फक्त अशांत देशांतच होतं असं नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या हजारो लोकांची ईयू डोमेनं २०२१ च्या सुरुवातीला स्थगित झाली. त्यांच्या हातून काहीच चुकलं नव्हतं, फक्त नियमाची पात्रता उरली नव्हती.

आपल्याला डॉट इन आहे. आपल्या देशाचं, डॉट इनची नोंदणी सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेच्या देखरेखीखालचं, परवडणारं. तक्रार करायची झाली तर आपल्याच देशात. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने बँक डॉट इन हा वेगळा शेवट सक्तीचा केला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. लिंकवर बोट ठेवण्याआधी माणूस नावाचा शेवट बघतो, हे त्यांनी ओळखलं. तुमचा वाचकही बघतो. पहिल्या वर्षी मातीमोल किमतीत मिळणारे अनोळखी शेवट घेऊ नका. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा आकडा फुगतो, आणि फसवणूकवालेही तेच स्वस्त शेवट घेतात, त्यामुळे मेसेज आणि ईमेल गाळणारी यंत्रणा त्यांच्याकडे संशयाने बघते.

संस्थेचं डोमेन आधीच असेल आणि नाव फार लांब नसेल, तर मी वेगळं काही घ्यायला सांगणारच नाही. त्याच नावाच्या आधी बिंदू देऊन दोन अक्षरांचं सबडोमेन, म्हणजे उपनाव, लावा. जास्तीचा खर्च नाही, वेगळी मुदत सांभाळायची नाही, आणि वाचकाला ओळखीचं नाव दिसतं. फक्त लिंक बनवायचा अधिकार दोन-तीन जणांपुरताच ठेवा. कुणी तिथून भलतीकडे लिंक वळवली तर बदनामी मूळ डोमेनची होईल.

'पण नाव आखूडच हवं ना?' असं विचारलं जातं. अंकात छापायच्या क्यूआर कोडचं गणित पाहा, कारण लिंक लांबली की त्याच्या चौकटी वाढतात. पंचवीस बाय पंचवीस चौकटींच्या कोडमध्ये, दुरुस्तीची पातळी (कोड थोडा खराब झाला तरी वाचता यावा यासाठीची राखीव जागा) सर्वांत कमी ठेवली तर, बत्तीस अक्षरं मावतात. एचटीटीपीएस आणि पुढच्या चिन्हांना आठ जातात. उरतात चोवीस. बारा-तेरा अक्षरांचं डोमेन आणि चार-पाच अक्षरांची खूण त्यात आरामात बसते. साध्या कागदावरही एवढ्या चौकटी नीट उमटतात. मग दोन अक्षरी नावासाठी हजारो रुपये का मोजायचे?

एसएमएसमध्ये मात्र अक्षराअक्षराची किंमत आहे. रोमन मजकुराला १६० अक्षरं, पण एक जरी देवनागरी अक्षर आलं की सगळा संदेश सत्तरवर येतो. वर्गणीदारांना मराठीत आठवण पाठवायची असेल तर वीस अक्षरांची लिंक परवडते, चाळीसची नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार ज्यांतल्या लिंकची आधी नोंद नाही, असे व्यावसायिक संदेश अडवले जातात. म्हणून डोमेन ठरलं की डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, त्याची नोंद लगेच करा.

आखूडपणापेक्षा मला स्पेलिंगची काळजी जास्त वाटते. मराठी नाव रोमनमध्ये लिहिताना प्रत्येकाचा हात वेगळा चालतो. दिवाळीत व्ही की डब्ल्यू? ज्ञानची सुरुवात डीएनने, जीवायने की जेएनने? क्ष आणि ळचं काय करायचं? नाव ठरवण्याआधी ते पाच जणांना फोनवर सांगा आणि लिहून घ्यायला लावा. दोघांनी जरी 'स्पेलिंग काय?' विचारलं, तर ते नाव सोडा. एल आणि एक, ओ आणि शून्य यांची गल्लत होईल अशी नावंही नकोत. डॅशही टाळा, तो सांगताना हमखास राहतो.

डॉट भारत हा देवनागरी शेवट २०१४ पासून मिळतो, आणि आपलं नाव आपल्या लिपीत असावं असं मला मनापासून वाटतं. पण लिंक कॉपी केली की काही ठिकाणी ती एक्सएनने सुरू होणाऱ्या अगम्य रोमन अक्षरांत उमटते आणि वाचक बिचकतो. तेव्हा ते नाव जरूर घ्या, मुखपृष्ठावर मिरवा, आणि क्यूआरमध्ये रोमन नाव ठेवा.

नोंदणी संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर करा. उत्साही कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर नको, तो उद्या नोकरीसाठी परगावी जाईल आणि मुदत संपल्याचं पत्र तिकडेच पडून राहील. मुदत संपलेली नावं दुसरे लोक टपून विकत घेतात, आणि मग बालकथेखालचा कोड जुगाराच्या साइटवर जातो. एकदम दहा वर्षांपर्यंतचे पैसे भरता येतात. जमत असेल तर भरून टाका.

तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्याला दोन गोष्टी सांगा. लिंक वळवताना ३०२ हा तात्पुरत्या वळणाचा संकेत वापरायचा, ३०१ हा कायमच्या वळणाचा नाही, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि पुढे मुक्काम बदलला तरी वाचक जुन्याच ठिकाणी जाऊ शकतो. दुसरं, डोमेनला लहान-मोठ्या लिपीचा फरक पडत नाही, पण खुणेला पडू शकतो. म्हणून खूण दोन्ही तऱ्हांनी टाइप केली तरी चालेल, अशी सोय करून घ्या. आणि अंक छपाईला सोडण्याआधी अखेरचं प्रूफ त्याच कागदावर काढा, वायफाय बंद करा आणि जुन्यातल्या जुन्या फोनवर प्रत्येक कोड उघडून बघा.