मांजराला तुमच्या कपातलं नेमकं काय हवं असतं?

[टेबलावर वाफाळता चहा. शेजारी स्टीलच्या दोन सारख्या वाट्या आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा.]

चहा ओतला, तेवढ्यात बेल वाजली. कुरिअरवाल्याला ओटीपी सांगून परत येईस्तोवर मांजराचं तोंड कपात. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं! मग पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं जातं, "आमच्या बोक्याला चहाशिवाय चालतच नाही हो."

चालतं. चहा त्याला नकोच असतो. मग कपातलं काय हवं असतं, ते घरच्या घरी कसं ओळखायचं, आणि कुठल्या पेल्यात तोंड घातलं तर डॉक्टरांकडे पळायचं, ते बघू.

पहिला संशय साखरेवर जातो, म्हणून तिला आधी मोकळं करू. मांजराला गोड चव कळत नाही. जिभेवरचा गोड ओळखणारा रिसेप्टर दोन प्रथिनांच्या जोडीनं बनतो. त्यातलं एक प्रथिन बनवणारं जनुक मांजरात मोडकं आहे. त्यातला डीएनएच्या २४७ अक्षरांचा तुकडाच गळालेला आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली हे दाखवलं, आणि वाघ-चित्त्यांतही तीच मोडतोड सापडली. म्हणजे साखरेचा, गुळाचा आणि बिनसाखरेचा चहा मांजराच्या लेखी एकच. बासुंदीच्या पातेल्यात डोकं घालणारं मांजर गोडघाशं नसतं, सायघाशं असतं.

कपात मग उरतं काय? दुधाचा स्निग्धांश, दुधातली प्रथिनं आणि ऊब. ही ऊब फार महत्त्वाची. ताज्या शिकारीचं अंग ३८ अंशांच्या आसपास गरम असतं आणि मांजराला तेवढंच कोमट अन्न सगळ्यात जास्त आवडतं, कारण त्या तापमानाला वास नीट सुटतो. एकदा लक्ष ठेवून बघा. उकळत्या चहाकडे मांजर ढुंकूनही बघत नाही. तुम्ही विसरलेला, कोमट झालेला, वर साय धरलेला कप त्याला बरोब्बर सापडतो.

कोरा चहा मात्र बहुतेक मांजरं सोडून देतात. गोड कळत नसलं तरी कडू त्यांना व्यवस्थित कळतं. दुधाच्या चहात केसीन नावाचं प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, त्यामुळे जिभेला टोचणारा भाग बोथट होतो. कोऱ्या कॉफीचा कप पुढे ठेवलात तर काही मांजरं हुंगून बाजूची फरशी पंजानं खरवडू लागतात, जणू काही झाकायचंच आहे. अभिप्राय समजून घ्या.

[चमच्यात ५ मिली पाणी मोजून दाखवणे.]

आता एक माप डोक्यात पक्कं बसवू, पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. मांजर एका दमात किती पितं? अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली मांजराचं पिणं जलद कॅमेऱ्यानं टिपलं. कुत्रा जीभ मागे वळवून पाण्यात आत खुपसतो. मांजर जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकवतं आणि झटक्यात वर ओढतं. जिभेमागोमाग पाण्याचा बारीक खांब वर येतो, तो कोसळायच्या आत तोंड मिटतं. सेकंदाला तीन-चार वेळा, दर वेळी साधारण ०.१४ मिली. म्हणजे दहा सेकंदांत ५ मिली, हा एवढा एक चमचा. "नुसतं चाटलं हो" म्हणतात ते बहुधा याहून कमीच असतं.

हे माप कॅफिनला लावू. दुधाच्या १०० मिली चहात साधारण ४० मिलिग्रॅम कॅफिन धरा. चमचाभर चहातून मांजराच्या पोटात २ मिलिग्रॅम गेलं. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास अस्वस्थता, उलट्या, जोरात धडधड सुरू होते. ४ किलोच्या मांजराला त्यासाठी ८० मिलिग्रॅम लागेल, म्हणजे १०० मिलीचे दोन कप चहा पूर्ण संपवावा लागेल. तेव्हा चाटलेल्या चहासाठी रात्री दोन वाजता कुणाला उठवू नका. पण रोज बशीत ओतून देऊही नका. मोठ्या मांजरांच्या पोटात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज हे विकर फार कमी उरलेलं असतं. १०० मिली दुधात जवळपास ५ ग्रॅम लॅक्टोज असतं आणि वाटीभर दुधानंतर पातळ शी का झाली याचं उत्तर बहुधा तेच असतं. शिवाय म्हशीच्या १०० मिली दुधात १०० कॅलरीच्या घरात ऊर्जा असते. घरात बसून असणाऱ्या ४ किलोच्या मांजराची दिवसाची गरजच जेमतेम २०० ते २४०. "जेवत नाही, नुसतं दूध पितं" ही तक्रार तिथूनच येते.

कॅफिनचा खरा धोका पेयात नसतो, डब्यात आणि कचऱ्यात असतो. एक चमचा चहा पावडर, इन्स्टंट कॉफीची फाटकी पुडी, गाळणीतला चोथा, फाडलेली टी-बॅग यांत कॅफिन दाटलेलं असतं. मांजर पावडर मुद्दाम खात नाही, पण ती अंगावर सांडली की अंग चाटून साफ करताना सगळी पोटात जाते. व्यायामाच्या आधी घ्यायची प्री-वर्कआउट पावडर तर सगळ्यात वाईट. एका स्कूपमध्ये २०० मिलिग्रॅम कॅफिन असणं तिथे नेहमीचं आहे. ४ किलोच्या मांजराला तो किलोमागे ५० झाला, म्हणजे हृदयाची लय बिघडवणारा डोस. त्यातून ती दुधापासून काढलेल्या व्हे प्रोटीनमध्ये मिसळलेली असली तर दुधाच्या वासानं मांजर आपणहून येणार. पावडर घुसळायची बाटली, म्हणजे शेकर, न धुता ओट्यावर ठेवू नका.

[शेकर बाजूला. बिअरचा रिकामा ग्लास पुढे.]

मद्यावर जरा थांबू, कारण "थेंबभर दिली तर काय होतं" हा विनोद अजून चालतो. बिअरच्या फेसाकडे काही मांजरं खरंच जातात. त्यामागे कारण आहे. बिअर यीस्टनं आंबवतात आणि यीस्टची मांसल चव मांजरांना इतकी आवडते की मांजरांच्या खाद्यावरही ती शिंपडतात. मांसाची, म्हणजे उमामी चव ओळखणारे त्यांचे रिसेप्टर शाबूत आहेत.

व्हिस्कीचा हिशेब करू. ४२.८ टक्क्यांची व्हिस्की, एक चमचा, ५ मिली. त्यात साधारण १.७ ग्रॅम अल्कोहोल. ४ किलोच्या मांजराच्या अंगात पाणी असतं जेमतेम अडीच लिटर, आणि अल्कोहोल तेवढ्याच पाण्यात पसरतं. रक्तात १०० मिलीमागे ५० ते ६० मिलिग्रॅम. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्या माणसाला मर्यादा ३० ची आहे. एका चमच्यात मांजर त्याच्या जवळपास दुप्पट! रक्तातली साखर उतरते, अंग गार पडतं, तोल जातो. तीव्र दारूचा चटका बहुतेक मांजरांना दूर ठेवतो, पण क्रीम लिकरमध्ये तो सायीखाली दडतो. १७ टक्के अल्कोहोल आणि वर क्रीम! तो ग्लास मात्र हातातून खाली ठेवू नका.

आता मराठी घरांतले खास पेले. सोलकढीतल्या नारळाच्या दुधाचा वास आवडू शकतो, पण त्यात लसूण वाटलेला असतो. मटणाच्या अळणीवर, म्हणजे बिनतिखटाच्या रश्श्यावर, तर मांजर जीव टाकतं आणि त्यात कांदा-लसूण दोन्ही असतात. त्यांतली गंधकाची संयुगं तांबड्या पेशी फोडतात आणि मांजराचं हिमोग्लोबिन या हल्ल्याला इतर बऱ्याच प्राण्यांपेक्षा जास्त सहज बळी पडतं. फसवं असं की त्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, मांजर मलूल होतं, लघवी गडद येते. तोवर अळणी कुणाच्या लक्षातही नसते. शहाळ्याची मलई चाटली तर चालेल, पण मूत्रपिंडाच्या आजारी मांजराला शहाळ्याचं पाणी नको, त्यात पोटॅशियम भरपूर. कुंडीतला गवती चहा चघळणारी मांजरं पुष्कळ. पात चावून बहुधा उलटीपलीकडे काही होत नाही, त्याचं काढलेलं तेल मात्र घरात उघडं नको. मांजराच्या यकृताला अशी द्रव्यं निकामी करणं नीट जमत नाही. सर्दीवरच्या गरम पेयातलं पॅरासिटामॉल त्याच कारणानं मांजराचा जीव घेऊ शकतं. तो कप चहाच्या कपासारखा दिसतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आणि फुलदाणी. ती तुमचं पेय नाही, पण मांजराला फरक पडत नाही. पुष्पगुच्छातल्या मोठ्या लिलीचा पराग, पानं, अगदी फुलदाणीतलं पाणीही मांजराची मूत्रपिंडं बंद पाडतं. लक्षणांची वाट बघायची नाही, लगेच निघायचं.

निघताना काय करायचं? मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्यातून दुसरी विषबाधा होते. पाकीट किंवा बाटली सोबत घ्या. फोनवर तीन गोष्टी सांगा: मांजराचं वजन, काय आणि अंदाजे किती गेलं, किती वाजता. मुंबईत असाल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात किंवा तुमच्या जवळच्या दवाखान्यात रात्री कोण असतं, हे आजच विचारून फोनमध्ये नोंदवून ठेवा.

[दोन वाट्या आणि काटा पुढे ओढणे.]

आता मजेचा भाग. तुमचं मांजर कपाकडे ऊब म्हणून येतं, दूध म्हणून, की कप तुमचा आहे म्हणून? मांजरांचं खाद्य बनवणाऱ्या कंपन्या दोन वाट्यांची चाचणी करतात. तीच घरी करता येते.

एकाच मापाच्या दोन वाट्या घ्या. लिंबाच्या वासाच्या साबणानं घासल्या असतील तर नुसत्या गरम पाण्यानं पुन्हा विसळा, नाहीतर मांजर दोन्ही नाकारेल आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल. दोन्हींत ५० मिली पाणी, एकात साधं, दुसऱ्यात मनगटाला जेमतेम कोमट लागेल असं. प्रत्येक वाटी काट्यावर ठेवून वजन लिहा. पाण्याचा १ ग्रॅम म्हणजे १ मिली, त्यामुळे हिशेब सोपा. वाट्या हातभर अंतरावर, खाण्याच्या ताटलीपासून लांब. दहा मिनिटांनी उचला, कारण त्यानंतर कोमट पाणी कोमट राहत नाही. पुन्हा वजन करा.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी डावी-उजवी जागा बदला. हे चुकवू नका. काही मांजरं ठरावीक बाजूचीच वाटी घेतात आणि एका दिवसावर विसंबलात तर पाण्याची नव्हे, बाजूची आवड मोजाल. असे चार दिवस. ५ ग्रॅमपेक्षा कमी फरक सोडून द्या, तेवढं तर मिशांना लागून सांडतं. कोरडे दाणे खाल्ल्यावर लगेच चाचणी नको, तेव्हा ते काहीही पितं. आणि वाटीवर वाकून बघत बसू नका!

पुढच्या फेरीत एका वाटीत चमचाभर लॅक्टोज-मुक्त दूध घाला, दोन्ही वाट्यांचं तापमान सारखं ठेवा. त्यानंतरच्या फेरीत पाणी एकच, पण एक तुमच्या कपात टेबलावर आणि दुसरं वाटीत खाली. कप जिंकला तर त्याला उंच, मोकळी, दोन्हीकडे बघता येईल अशी जागा हवी आहे. पाण्याचं भांडं जेवणाच्या आणि शीच्या ट्रेच्या जवळून हलवा. कुठलीच वाटी जिंकली नाही, तरी तुम्ही चहा घेऊन बसलात की ते हजर, असं असेल तर त्याला तुम्ही हवे आहात. कपात तोंड घातलं की तुम्ही ओरडता, उचलता, मांडीवर घेता. मांजराच्या दृष्टीनं हा चांगला सौदा आहे. कपावर ताटली झाका आणि गप्प बसा.

ऊब किंवा मांसल चव हवी असेल तर त्याच्यासाठी वेगळं पेय करता येतं. १०० ग्रॅम बोनलेस चिकन अर्धा लिटर पाण्यात वीस मिनिटं मंद उकळा. मीठ, हळद, कांदा, लसूण, काही नाही. तयार सूपचे क्यूब अजिबात नकोत, त्यांत मीठ आणि कांदा असतो. गार करून वरची चरबी काढा, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक खडा १०० मिली कोमट पाण्यात विरघळवा. दोन तासांत संपलं नाही तर ओतून टाका, आपल्या उन्हाळ्यात त्याहून जास्त टिकत नाही.

एक शक्यता मात्र चवीची नसते. इतकी वर्षं कपाकडे न बघणारं, विशेषतः सात-आठ वर्षांपुढचं मांजर अचानक कप, बादली, नळ, सगळीकडे तोंड घालू लागलं तर त्याची तहान मोजा. सकाळी सगळी भांडी उचला, एकाच भांड्यात ३०० मिली पाणी ठेवा. तसंच दुसरं भांडं मांजर पोचणार नाही अशा जागी ठेवा. चोवीस तासांनी त्यातलं जेवढं घटलं तेवढं हवेत उडालं, ते पहिल्यातून वजा करा. तीन दिवसांची सरासरी काढा. कोरडं खाणारं मांजर दिवसाला किलोमागे ५० मिलीपेक्षा जास्त, म्हणजे ४ किलोचं मांजर २०० मिलीच्या वर सतत पीत असेल, तर मूत्रपिंड, मधुमेह आणि थायरॉइड तपासायला आकड्यांचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. ओलं खाणाऱ्या मांजराला अर्ध्याहून जास्त पाणी अन्नातूनच मिळतं. ते १०० मिलीच्या आसपास पिऊ लागलं तरी उशीर करू नका.