शंभर लिहिलेला कागद

हा फोटो नीट बघा. सात फूट एक इंच उंचीचा बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेन, हातात साधा कागद. त्यावर घाईघाईत खरडलंय, १००.

तारीख २ मार्च १९६२. गाव हर्शी, पेनसिल्व्हेनिया. चॉकलेटचं गाव. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला फिलाडेल्फिया वॉरियर्स आणि न्यूयॉर्क निक्स यांचा सामना बघायला जेमतेम ४,१२४ माणसं आलेली, आणि टीव्हीचा कॅमेरा एकही नाही. म्हणजे या रात्रीचं चित्रीकरणच नाही. आपल्याकडे आहे तो हा फोटो. काढणारा पॉल वॅथिस खरं तर मुलाला सामना दाखवायला आला होता, रंग बघून गाडीतला कॅमेरा आणायला धावला.

निक्सचा नेहमीचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ विल्टला अडवणारा उंच खेळाडू, आजारी होता. मध्यंतराला वॉरियर्सच्या विल्टचे ४१ गुण झाले, तिसऱ्या क्वार्टरअखेर ६९. मग खेळ राहिला बाजूला. चेंडू विल्टपर्यंत पोहोचूच नये म्हणून निक्सवाले बाकीच्यांना फाउल करत सुटले, आणि चेंडू परत मिळावा म्हणून वॉरियर्सही तेच करू लागले. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक, ही विल्टची दुखरी नस. त्या रात्री मात्र ३२ पैकी २८ आत. ४६ सेकंद उरले असताना शंभर भरले. तेही लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेषा नसलेल्या काळात. संघाचे प्रसिद्धिप्रमुख हार्वी पोलॅक यांनी कागद घेतला आणि आकडा लिहिला.

१९६१-६२ चा तो अख्खा हंगामच आकड्यांनी माजलेला. विल्टची सरासरी ५०.४ गुण. सामना ४८ मिनिटांचा, आणि हा गडी सरासरी ४८.५ मिनिटं मैदानात. ओव्हरटाइम, म्हणजे बरोबरी फोडायला दिलेला जादा वेळ, धरा, हिशेब जुळतो. सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसनची गुण, रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) आणि असिस्ट (बास्केट होईल असा पास) या तिन्हींत दोन आकडी सरासरी. लेकर्सचा एल्जिन बेलर तर सैन्यातल्या ड्यूटीतून सुट्टी काढून खेळायला यायचा, तरी ३८.३.

आणि सर्वोत्तम खेळाडू म्हणून खेळाडूंनी मत कुणाला दिलं? बॉस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलला. गुणांची सरासरी १९ च्या आत-बाहेर. ज्यांना त्याच्या हाताखालून चेंडू टाकावा लागायचा, त्यांचंच ते मत.

पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत सातव्या सामन्यात सेल्टिक्सच्या सॅम जोन्सने शेवटच्या दोन सेकंदांत बास्केट केला आणि वॉरियर्स १०९-१०७ असे घरी गेले. पुढे अंतिम फेरीत सेल्टिक्ससमोर लेकर्स. पुन्हा सातवा सामना, बॉस्टन गार्डन, १००-१०० बरोबरी, काही सेकंद उरलेले. चेंडू लेकर्सच्या फ्रँक सेल्व्हीच्या हातात. गंमत अशी, की १९५४ मध्ये कॉलेजच्या एका सामन्यात या सेल्व्हीनेही एकट्याने १०० गुण केले होते. आता हवे होते फक्त दोन.

चेंडू रिंगवर आदळला आणि बाहेर आला. रसेलने तो वरच्या वर पकडला. त्या रात्री त्याचे रिबाउंड झाले ४०. ओव्हरटाइमनंतर फलकावर बॉस्टन ११०, लेकर्स १०७.