करंट गेला की पेट्रोल उकळलं?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या गाडीचं इग्निशन : बॅटरीपासून प्लगपर्यंत’. तिथे मी येणारच आहे. पण एप्रिल संपत आलाय आणि आपण नागपुरात आहोत, तेव्हा आधी उन्हाचं बोलू द्या. पॉइंटवाली, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट असलेली जुनी गाडी अजून चालवणारे किती जण आहेत? वा, बरेच हात दिसतात. आणि बंद पडलेल्या गाडीच्या बॉनेटखालच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकलेले किती? बघा, हात वाढले! शेजाऱ्याच्या गाडीवर टाकलेलंही धरलंय वाटतं.

गाडी उन्हात बंद पडली म्हणजे पेट्रोल उकळलं, असं धरून टाकलेल्या त्या फडक्याशीच माझं भांडण आहे. गाडी जिथे बंद पडते तिथेच, ती तापलेली असतानाच, करंट, म्हणजे ठिणगी, येते का बघा. थंड झाल्यावर तपासलेली गाडी निर्दोष सुटते आणि खरा गुन्हेगार बॉनेटखाली तसाच बसून राहतो.

२०१३ चा मे आठवतो ना? २३ तारखेला पारा ४७.९ वर गेला होता. त्याच आठवड्यात वर्ध्याला नात्यातलं लग्न होतं. माझी पद्मिनी ८६ सालची, १०८९ सीसीची. गाडीत आई, बायको आणि आहेराची भांडी. बुटीबोरी मागे पडली, आणि केळझरच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि इंजिन गप्प. स्टार्टर फिरतोय झकास, पण इंजिन पकडत नाही. चहाच्या टपरीवरचा एक जण उठून आला. बॉनेटमध्ये डोकावलासुद्धा नाही. म्हणाला, “काही नाही भाऊ, पेट्रोल उकयलं. ओलं फडकं टाका अन् अर्धा घंटा थांबा.” आईनं पिशवीतला पंचा काढून दिला. पंपावर टाकला तशी वाफ निघाली. अर्ध्या तासानं गाडी पहिल्या चावीत सुरू. सगळे खूश! पंधरा किलोमीटरवर पुन्हा बंद. लग्न लागल्यावर पोचलो आम्ही.

पुढचे दोन उन्हाळे मी गॅरेजच्या चकरा मारल्या. आधी पंपाचा डायफ्राम, मग अख्खा पंप, मग कार्ब्युरेटरचं किट, मग पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून लांब नेली. दर वेळी गाडी सकाळी सावलीत तपासली जायची आणि उत्तर यायचं, “एकदम बढिया चालून राहिली.” चालणारच! सकाळी सावलीत तिला काहीच होत नव्हतं. गाडी बंद पडलेली असताना करंट मात्र एकदाही कोणी बघितला नाही. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच. पण आई त्यानंतर पद्मिनीत बसायला घाबरायला लागली, ते मला जास्त लागलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात मामेभाऊ शेजारी बसला. त्याचं काम मोटार रिवाइंडिंगचं. निघतानाच म्हणाला, “बंद पडली की फडकं काढायचं नाही. पक्कड काढायची.” खापरीजवळ गाडी मेली. दोन मिनिटांत त्यानं डेल्कोच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डब्याच्या, टोपातली मधली वायर उपसली, रबरी मुठीच्या पक्कडीत धरली, तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवलं आणि मला स्टार्टर मारायला सांगितला. काहीच नाही. ठिणगी नाही, आवाज नाही. मग पंचा भिजवला आणि पंपावर न टाकता कॉइलवर, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीपुरतं वाढवणाऱ्या डबीवर, गुंडाळला. दोनदा पाणी बदललं. पुन्हा स्टार्टर. आधी एक पिवळट, मरतुकडी ठिणगी आली, आणि मग टक् टक् टक्, निळा करंट! पंप तसाच तापलेला होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. गाडी सुरू झाली.

ओलं फडकं इथेच फसवतं. अर्धा तास थांबलं की पंपही थंड होतो आणि कॉइलही. दुरुस्त कोण झालं ते कळत नाही, श्रेय मात्र पंपावरच्या फडक्याला जातं.

कॉइल गरमीत का मरते? तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यानं वाढतो. थंड असताना ३ ओहमचं प्रायमरी, म्हणजे बॅटरीकडचं, वाइंडिंग ७० अंशांनी तापलं की ३.८ च्या घरात जातं. म्हणजे १२ व्होल्टवर ४ अँपिअरचा प्रवाह जात होता, तो सव्वातीनच्या खाली येतो आणि ठिणगी अशक्त होते. त्यात आतल्या तारेवरचं इनॅमल जुनं होऊन वेढ्याला वेढा टेकला तर ठिणगी गेलीच. आणि कृपा करून, इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून गाणी ऐकत बसू नका. पॉइंट मिटलेले असले तर तेवढा वेळ जवळजवळ ५० वॉट कॉइलमध्ये मुरत राहतात.

आत्ता डेल्को म्हणालो. आपले मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात, ते चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकाच्या कंपनीचं नाव आहे. ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’, त्यातली आद्याक्षरं. बॅटरीवरचं पॉइंट-कॉइल इग्निशन त्यानं कॅडिलॅकसाठी केलं. शंभर वर्षांनंतरही त्या कंपनीचं नाव आपल्या गॅरेजात रोज घेतलं जातं, मला याचं फार अप्रूप वाटतं.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. मग पत्रिकेवरचा विषय भरभर घेतो.

बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंग आधी घासा. मग टेस्ट लॅम्पची एक वायर बॉडीला आणि दुसरी कॉइलवरून डेल्कोकडे जाणाऱ्या टर्मिनलला लावा, आणि स्टार्टर मारायला सांगा. दिवा मिचकला तर पॉइंट उघड-मीट करताहेत. सतत पेटून राहिला तर पॉइंट टेकत नाहीत, ते जळालेत किंवा मळलेत. पेटलाच नाही तर कॉइलपर्यंत वीज येत नाही, किंवा पॉइंट, नाहीतर पॉइंटना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर, बॉडीला शॉर्ट आहे. पॉइंटचा गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर, पण तुमच्या गाडीचं पुस्तक काय सांगतं ते आधी बघा. नवे पॉइंट महिन्याभरात जळत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्या.

दिवा मिचकतोय, पण मधल्या वायरला करंट नाही? तर कॉइल किंवा कंडेन्सर. मधल्या वायरला करंट आहे, प्लगला नाही? तर टोपाखाली फिरणारा रोटर किंवा टोप. टोपाच्या आत पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ शोधा. पावसाळ्यात सकाळी सुरू न होणाऱ्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा तीच सापडते. प्लगच्या वायरी रात्री अंधारात बॉनेट उघडून बघा, कुठे गळती असेल तर निळी फुलं दिसतात. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठिणग्या मागतं, त्यातली एखादी गळाली तरी आचका बसतो.

आणि पॉइंट नसलेल्या, त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्नायटर असलेल्या गाडीत वायर लोंबकळत ठेवून स्टार्टर मारू नका. इग्नायटर जातो आणि झटकाही जबर बसतो. त्यात प्लग वायरीला लावून प्लगची बॉडी इंजिनला टेकवायची, मगच बघायचं. पेट्रोल सांडलेलं असेल तर कुठल्याही गाडीत हे करायचं नाही.

वेळ संपली. पद्मिनी मागच्या फाटकाशी कडूनिंबाखाली उभी आहे, बॉनेट उघडं ठेवलंय. जुनी कॉइलही सोबत आणलीय. टेस्ट लॅम्प मिचकताना बघायचा असेल त्यांनी चहा घेऊन तिकडेच या.