अर्ज दोन प्रतींत

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा ओलांडला की आपल्याकडे कापूस वेचायला माणूस मिळत नाही. मग घरातलं शिकणारं पोरगं शेतात उतरतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत कॉलेजच्या नोटीस बोर्डावर हजेरी कमी भरलेल्यांची यादी लागते. तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षं शिकवलं. ती यादी वाचली की कुठल्या गावात कापूस फुटलाय, हे मला सांगता यायचं.

आज बोलायचंय ते त्या यादीबद्दल. यादीत नाव लागण्याआधी विद्यार्थ्याला काय करता येतं, हे आपल्याकडे फार कमी मुलांना कुणी सांगितलेलं असतं.

आधी हिशेब मांडू. सत्र साधारण ९० दिवसांचं धरतात. बहुतेक अभ्यासक्रमांना ७५ टक्के हजेरी लागते, म्हणजे ६८ दिवस वर्गात. उरले २२. त्यात वेचणीचे दहा-बारा दिवस, घरातलं एक लग्न, एक ताप, आणि श्रावणात नाल्याला पूर आला म्हणून एसटी न आलेले चार दिवस. संपले बावीस. त्यासाठी मूल उनाड असावं लागत नाही.

पण नियम इथेच थांबत नाही. आजारपण, घरातला मृत्यू, एनएसएसचं शिबिर, खेळाच्या स्पर्धा अशा कारणांसाठी हजेरीत काही मर्यादेपर्यंत सूट देण्याची सोय विद्यापीठांच्या नियमांत असते. किती टक्के, ते अभ्यासक्रमागणिक बदलतं. प्रवेशाच्या वेळी मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत ते वाचून ठेवा. मात्र ही सूट कुणी आपणहून देत नाही. ती मागावी लागते, कागदावर.

हे मला स्वतःला फार उशिरा उमगलं. सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गात दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता. हुशार, पण अबोल. दसऱ्यानंतर तो दिसेनासा झाला. मी रोज त्याच्या नावापुढे लाल शाईनं 'गै' लिहीत गेलो. परीक्षा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी तो आला, हात कापसाच्या बोंडांनी ओरखडलेले. मी म्हटलं, "टर्म ग्रँट होणार नाही, परीक्षेला बसता येणार नाही." तो "बरं सर" म्हणाला आणि निघून गेला. कारण त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आठ दिवसांनी एसटीत त्याच्या गावच्या फेरीचा कंडक्टर भेटला. सहज बोलता बोलता म्हणाला, "सर, त्याना बापना पाय मोडेल शे, दसरापासून खाटवर शे." अख्ख्या बसला ठाऊक होतं. कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो सुरतला, कापडाच्या कारखान्यात कामाला लागला होता. परत आला नाही.

तो दोष माझाच होता. अर्ज कसा करायचा हे मी त्याला जूनमध्येच सांगायला हवं होतं. म्हणून आता रेडिओवरून सांगतो. मुलांनो, वही जवळ असेल तर लिहून घ्या.

अर्ज प्राचार्यांच्या नावे. वर्ग, रोल नंबर, पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येता येणार नाही किंवा आला नाहीत. कारण दोन ओळींत, खरं. शेवटी काय हवंय ते स्पष्ट: हजेरीत सूट, की बुडालेली इंटर्नल परीक्षा पुन्हा द्यायची परवानगी, की दोन्ही. सोबत कागद जोडा. दवाखान्याचं सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला, जे असेल ते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्ज दोन प्रतींत करा. एक ऑफिसात द्यायची, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन ती जपून ठेवायची. 'सरांना तोंडी सांगितलं होतं' याला परीक्षेच्या वेळी कुणी विचारत नाही. आणि हो, परत आल्यावर नव्हे, जायच्या आधी किंवा निदान पहिल्या आठवड्यात. मित्राच्या हातून पाठवला तरी चालेल.

कापूस वेचणी हे कारण नियमात लिहिलेलं नसतं, हे मला माहीत आहे. तरी वडील खाटेवर आहेत, घरात दुसरं माणूस नाही, हे खरं कारण लिहिलंत तर प्राचार्यांना निदान विचार करायला जागा राहते. त्या मुलाच्या वेळी माझ्यापुढे नुसते 'गै' होते.

आता एक गोष्ट खास नंदुरबारकडच्या आणि सातपुड्यातल्या मुलांसाठी. सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना सांगायला नको. थंडी वाढली, पाणी कमी प्यायलं गेलं, फार दमणूक झाली की हाडं-सांधे असे दुखतात की उठवत नाही. मुलं चार दिवस अंथरुणाला खिळतात आणि पाचव्या दिवशी येऊन "पोट दुखत होतं" म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार आहेत, त्यांत सिकलसेल आहे. जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून यूडीआयडी म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, तर त्यातल्या टक्केवारीनुसार सवलती लागू होतात. दिव्यांग विद्यार्थ्यांना गरजेप्रमाणे लेखनिक आणि परीक्षेत तासामागे २० मिनिटं जादा वेळ मिळतो. प्रमाणपत्र होईपर्यंत निदान वर्गशिक्षकांना आजाराचं नाव सांगून ठेवा. यात लपवण्यासारखं काही नाही.

पोटदुखीवरून आठवलं. इतक्या वर्षांत मी शेकडो अर्ज वाचले; ताप, पोटदुखी, पाठदुखी. 'मन लागत नाही, झोप येत नाही, जीव नकोसा वाटतो' असं लिहिलेला एकही अर्ज माझ्याकडे आला नाही. अशी मुलं वर्गात नव्हती असं मी कसं म्हणू? घर सोडून पहिल्यांदाच धडगाव-अक्कलकुव्याहून शहरातल्या होस्टेलला आलेली मुलगी, जिची बोलीसुद्धा वर्गात कुणाला कळत नाही, तिच्या मनाचं काय होत असेल! जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. तुमच्या कॉलेजात तो कोण आहे, कुठल्या खोलीत बसतो, हे विचारा. विचारायचा हक्क आहे तुम्हाला. आणि रात्री-बेरात्री कुणाशीच बोलता येत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावा. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

मुलींबद्दल. दुसऱ्या वर्षाला लग्न आणि तिसऱ्या वर्षाला बाळंतपण, मग कॉलेज सुटलं, हे घराघरांत पाहिलंय. डिसेंबर २०२१ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, विद्यापीठांना कळवलं की विद्यार्थिनींच्या बाळंतपणासाठी रजेचे आणि हजेरीत सूट देण्याचे नियम करा. सासरच्यांनो, हे तुम्हीही ऐका. बाळंतपण म्हणजे शिक्षणाचा शेवट नव्हे.

अर्ज करूनही कुणी दाद दिली नाही तर? २०२३ च्या यूजीसी नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तक्रार मिळाल्यापासून शक्यतो १५ कामाच्या दिवसांत तिनं अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. आमच्या वेळी खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. एका कागदासाठी रात्रभर बसमध्ये बसून पुण्याला जावं लागायचं. १९९० साली जळगावला आपलं विद्यापीठ झालं, आज ते बहिणाबाईंच्या नावानं ओळखलं जातं. अंतर कमी झालंय, त्याचा उपयोग करा.

आणि खरोखरच वर्ष सोडावं लागलं, तरी टीसी काढून घरी बसू नका. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या तुमच्या ऑनलाइन खात्यात साधारण सात वर्षं जमा राहतात. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची वाटही आहेच, तिथे रोजच्या हजेरीची सक्ती नसते. पैशांचीच अडचण असेल तर कमवा आणि शिका योजनेची चौकशी विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे करा.

त्या मुलानंतर मी हजेरीपटात प्रत्येक नावापुढे घरचा किंवा शेजारचा एक फोन नंबर लिहून घ्यायला लागलो. सलग तीन 'गै' पडले की फोन करायचा, एवढंच. माझ्या शिक्षक मित्रांना हात जोडून सांगतो, एक मिनिट लागतं.

निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी पहिल्या वर्षाची एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. आईचं ऑपरेशन होतं, धुळ्याला बारा दिवस राहावं लागणार होतं. तिनं दोन कागद पुढे केले. मी एकावर सही केली, तसं तिनं दुसरा माझ्यापुढे सरकवला. "सर, यावर तारीख पण टाका." मी तारीख टाकली, वेळही टाकली, आणि शिक्क्यासाठी तिच्याबरोबर ऑफिसपर्यंत चालत गेलो.