पडलेली चोखणी

नमस्कार श्रोतेहो. परवा ठाण्याहून वाशीला निघाले होते. लेडीज डब्यात समोरच्या बाकावर आजीच्या मांडीवर सात-आठ महिन्यांचं बाळ. ऐरोली सुटलं, गाडीने हिसका दिला आणि बाळाच्या तोंडातली चोखणी खाली पडली, थेट चपलांच्या गर्दीत. आजीने ती उचलली, पदराला पुसली, स्वतःच्या तोंडात घालून चोखून ‘साफ’ केली आणि परत बाळाच्या तोंडात दिली. रबाळे यायच्या आत बाळ गप्प! माझी उभी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली, तरी मी काही बोलले नाही. आजीबाईंचा चेहरा पाहून हिंमतच झाली नाही. म्हणून आज इथे बोलतेय.

मोठ्यांच्या लाळेत दात किडवणारे जंतू असतात. ते असे बाळाच्या तोंडात जातात आणि दात आले की तिथेच ठाण मांडतात. त्यापेक्षा पिशवीत दुसरी स्वच्छ चोखणी ठेवावी. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ती ओली डबीत बंद केलीत तर बुरशी धरते, तेव्हा उकळली की आधी कोरडी होऊ द्या.

चोखणी म्हणजे विष नव्हे. झोपताना ती तोंडात असलेल्या बाळांमध्ये झोपेतल्या अचानक मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं आहे. कमी दिवसांच्या बाळांना तर चोखायची सवय लागावी म्हणून ती मुद्दाम देतात. स्तनपानासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 1989 साली दहा पायऱ्या सांगितल्या, त्यात चोखणी नकोच असं होतं. 2018 साली ते बदलून, आईला तिचे धोके नीट समजावून सांगा, असं केलं. मला हा बदल पटला. बाळंतिणीला नुसतं दरडावून काही होत नाही.

पण पहिला महिनाभर, अंगावरचं दूध नीट सुरू होईपर्यंत, थांबा. बाळ जितकं ओढेल तितकं दूध उतरतं. भुकेलं बाळ आधी तोंड इकडेतिकडे वळवतं, मुठी चोखतं. रडतं ते सगळ्यात शेवटी. त्या रडण्यावर चोखणी दिली की ते गप्प होतं, घरातले म्हणतात ‘किती शहाणं बाळ’, आणि वजनकाट्यावर ठेवलं की आईच्या डोळ्यांत पाणी.

सहा महिन्यांनंतर ती कमी करत आणा. सारखी चोखणी तोंडात असणाऱ्या मुलांचे कान जास्त दुखतात. नाकामागून मधल्या कानाकडे एक बारीक नळी जाते, लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते, त्यामुळे जंतू सहज वर चढतात. कान वारंवार फुटत असेल तर चोखणीचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. दातांचं म्हणाल, तर तीन वर्षांपुढेही सवय राहिली की पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत, मधे फट राहते. वेळेत सुटली तर बहुतेकदा आपोआप जुळून येतात.

आता दोन गोष्टी मात्र मी दरडावूनच सांगणार. चोखणी मधात बुडवायची नाही. एक वर्षाच्या आत मध चाटवायचाच नाही, बारशालासुद्धा नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. ते बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. मग शी होत नाही, पापण्या जड होतात, रडणं क्षीण होतं, अंग लुळं पडतं. आणि दुसरं, चोखणी दोऱ्यात ओवून गळ्यात बांधायची नाही. दृष्टीचा काळा दोरा आहे, त्यातच अडकवली, असं करणारी घरं मी पाहिली आहेत. बाळ कूस बदलतं, दोरा कुठेतरी अडकतो आणि गळ्याला फास बसतो.

बाकी, रात्री झोपेत चोखणी तोंडातून निसटली तर परत घालायला उठू नका. बाळ झोपलंय ना? तुम्हीही झोपा. नमस्कार.