कोलेस्टेरॉल जळत नाही

सुरुवातीलाच एक चिठ्ठी आली आहे: 'रोज धावलं तर कोलेस्टेरॉल जळतं का?' नाही, जळत नाही. चरबी जळते. आजचं सगळं बोलणं या एका फरकाभोवती फिरणार आहे.

रक्त म्हणजे मुख्यतः पाणी, आणि तेल पाण्यात मिसळत नाही. म्हणून शरीर स्निग्ध पदार्थांचे सूक्ष्म गोळे करतं आणि त्यांना प्रथिनांचं वेष्टन घालून पाठवतं. जेवणातली चरबी पित्तामुळे आतड्यात बारीक थेंबांत फुटते, स्वादुपिंडाचं लायपेज हे विकर (एन्झाइम) तिचे तुकडे करतं, ते तुकडे आतड्याच्या पेशींत शिरतात आणि गंमत म्हणजे तिथे पुन्हा जोडले जातात! त्यांचे कायलोमायक्रॉन नावाचे गोळे होतात. साखर आतड्यातून थेट यकृताकडे जाते. हे गोळे मात्र मोठे. ते लसिकावाहिन्यांमधून (लिम्फच्या नळ्यांमधून) छातीतून वर चढतात आणि मानेच्या तळाशी, डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत रक्ताला मिळतात. भरपूर स्निग्ध जेवणानंतर काढलेल्या रक्तातला द्रव दुधाळ दिसतो, तो यांच्यामुळे.

पुढे स्नायूंजवळच्या केशवाहिन्यांत ही चरबी उतरवून घेतली जाते. उरलेली मेदपेशींत साठते. जाळताना पेशी मेदाम्लाच्या, म्हणजे चरबीच्या मूळ घटकाच्या, साखळीतून दोन-दोन कार्बन कापत जाते. पामिटिक आम्ल या मेदाम्लात १६ कार्बन असतात. ७ वेळा कापलं की ८ तुकडे. त्यांचा शेवट कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात होतो. घटलेल्या चरबीचा मोठा भाग आपण चक्क श्वासावाटे बाहेर टाकतो.

कोलेस्टेरॉलचं तसं नाही. त्यात ४ कडी एकमेकांना जोडलेली असतात आणि ती फोडणारं विकर माणसाच्या शरीरात नाही. बाहेर जायची मुख्य वाट एकच: यकृत, पित्त, आतडं. त्यातही यकृत कोलेस्टेरॉलपासून जी पित्ताम्लं बनवतं, त्यांपैकी सुमारे ९५ टक्के आतडं परत शोषून घेतं.

'चांगलं' आणि 'वाईट' कोलेस्टेरॉल हे शब्द मला पटत नाहीत. रेणू एकच, एलडीएल आणि एचडीएल ही त्याला रक्तातून वाहून नेणाऱ्या गोळ्यांची, म्हणजे वाहनांची नावं. एलडीएलला रक्तातून उचलणारे ग्राहक (रिसेप्टर) यकृताच्या पेशींवर असतात. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांनी ते शोधले, १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. काही कुटुंबांत हे ग्राहक जन्मतःच कमी असतात. मग एलडीएल रक्तात रेंगाळतं आणि धमनीच्या भिंतीत शिरतं. तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात, पण आतलं कोलेस्टेरॉल त्यांनाही फोडता येत नाही. त्या फुगून फेसाळ होतात, आणि धमनीत थर साचू लागतो.

स्टॅटिन हे औषध कोलेस्टेरॉल 'विरघळवतं' असं अनेकांना वाटतं. ते फक्त यकृतातली निर्मिती रोखतं. यकृताला टंचाई जाणवते, ते जास्त ग्राहक बाहेर काढतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. कोलेस्टिरामिन हे त्याहून जुनं औषध तर रक्तात शिरतही नाही. ते आतड्यातच पित्ताम्लं धरून ठेवतं. ती परत न आल्याने यकृताला कोलेस्टेरॉल खर्चून नवी बनवावी लागतात आणि पुन्हा तेच घडतं, ग्राहक वाढतात.

आता चिठ्ठीवाल्यांसाठी: धावत राहा. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, उतरतील, एचडीएल थोडं वाढेल. एलडीएल मात्र धावण्याने फारसं हलत नाही, हे पुढचा रिपोर्ट बघताना लक्षात असू द्या.