टॅलीत खोडलं, सरकारदरबारी राहिलं

(कोल्हापुरात लहान कारखानदार आणि त्यांचे हिशेबनीस यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मघाशी चहा घेताना एकांनी मला विचारलं, "साहेब, चूक आम्ही त्याच दिवशी टॅलीत, म्हणजे आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, दुरुस्त केली, मग चार महिन्यांनी नोटीस कशी आली?" मी म्हटलं, तुम्ही हाच प्रश्न सगळ्यांसमोर विचारा. ते लाजले. म्हणून मीच विचारतो, कारण आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवतीच आहे.

पगार देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर म्हणजे टीडीएस, आणि पगारातून कापलेल्या टीडीएसचं मार्च २०२६ पर्यंतचं विवरण म्हणजे २४ क्यू. ते तुमच्या संगणकावर तयार होतं, पण एकदा भरलं की त्याची एक प्रत आयकर खात्याकडे जाऊन बसते. त्या क्षणापासून तुमचं टॅली आणि त्यांचं ट्रेसेस, म्हणजे खात्याचं टीडीएसचं संकेतस्थळ, यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. तुम्ही इथं आकडा बदलला तरी तिथं काही हलत नाही. म्हणजे दुरुस्ती करायची ती त्यांच्याकडच्या प्रतीत. आपल्याकडचं नंतर.

एक प्रकरण सांगतो. शिरोलीकडची एक फाउंड्री. तिथल्या मोल्डिंग सुपरवायझरला महिना ८०,००० पगार, म्हणजे वर्षाला ९,६०,०००. जुनी करप्रणाली त्यानं मागितलेली नव्हती, त्यामुळे नवी आपोआप लागू. २०२४-२५ च्या पहिल्या तिमाहीत त्याचा दरमहा ४,०३० कर कापला, तीन महिन्यांचे १२,०९०. भरणाही वेळेवर. सगळं चोख. फक्त पॅन टाइप करताना शेवटच्या 'सी'च्या जागी 'जी' पडला.

पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार अंक, मग एक अक्षर. चौथं अक्षर माणसासाठी 'पी'. विवरण तपासणारं एफव्हीयू नावाचं सॉफ्टवेअर ही ठेवण बघतं, पॅन खरोखर कुणाचा आहे की नाही ते बघत नाही. 'जी' हेही अक्षरच, त्यामुळे फाइल बिनबोभाट पास झाली. पुढं ट्रेसेसवर कळलं की असा पॅन अस्तित्वातच नाही. पॅन नाही म्हणजे तेव्हाच्या कायद्याचं कलम २०६ एए, म्हणजे २० टक्के. २,४०,००० वर ४८,००० कापायला हवे होते, कापले १२,०९०. फरक ३५,९१०, वर व्याज. एका अक्षरापायी!

आता हिशेबनिसानं काय केलं बघा. मुलगा मेहनती, पण घाबरला. त्यानं टॅलीत कर्मचाऱ्याच्या मास्टरमधला (मूळ माहितीतला) पॅन बदलला, जूनची पगाराची व्हाउचरं उघडून पुन्हा सेव्ह केली, नवी २४ क्यू काढली आणि ती 'रेग्युलर' म्हणून परत अपलोड केली. ती नाकारली गेली, कारण त्या टॅनचं (कर कापणाऱ्याच्या क्रमांकाचं) त्या तिमाहीचं मूळ विवरण आधीच स्वीकारलेलं होतं. त्यानं पुन्हा भरली, पुन्हा नाकारली. तिसऱ्या वेळी मालकांनी मला फोन केला.

मी त्याला पहिली गोष्ट सांगितली, टॅली बंद कर. ट्रेसेसवर जा आणि जस्टिफिकेशन रिपोर्ट मागव. थकबाकी नेमकी कशाची आहे ते त्यात लिहिलेलं असतं: कमी कापलं, कमी भरलं, उशिरा भरलं, की विवरणच उशिरा आलं. नोटिशीतली रक्कम बघून माणूस घाबरतो आणि ती भरून टाकतो. मी असे लोक पाहिलेत की पॅनच्या चुकीपायी आलेली मागणी त्यांनी रोख भरून मिटवली, आणि कर्मचाऱ्याच्या २६ एएसमध्ये, म्हणजे त्याच्या नावावर जमा कराच्या उताऱ्यात, मात्र एक रुपया दिसला नाही.

मग कॉन्सो फाइल मागवायची. कॉन्सो म्हणजे खात्याकडं आज तुमचं जे विवरण आहे त्याची जशीच्या तशी प्रत. ती मागताना ट्रेसेस ओळख पटवून घेतं: मूळ विवरणाचा टोकन नंबर (पोचक्रमांक), एका चलानचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख, क्रमांक, रक्कम, आणि त्या चलानमधले वैध पॅन व त्यांच्यापुढची रक्कम. इथं आमचा पोरगा अडला. तो बरोबर पॅन टाकत होता आणि ट्रेसेस म्हणत होतं, जुळत नाही. कसं जुळेल? त्यांच्याकडं 'जी' आहे. आणि 'जी'चा पॅन अवैध, तोही चालत नाही. तिथं त्याच चलानमधल्या दुसऱ्या कर्मचाऱ्यांचे, त्यांच्याकडं वैध म्हणून नोंदलेले पॅन टाकावे लागतात. चूक सुधारायची परवानगी मागायला आधी त्यांच्याकडं जे बरोबर नोंदलंय ते तंतोतंत म्हणून दाखवावं लागतं. मला हे फार आवडतं.

कॉन्सो मिळाली की ती आरपीयू या विवरण तयार करायच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा तुम्ही वापरता त्या टीडीएस सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, फक्त चुकलेली ओळ बदलायची, एफव्हीयूतून काढायची आणि अपलोड करायची. पॅनच्या दुरुस्तीला सी ५ म्हणतात, चलान आणि कपातीच्या ओळींना सी ३, चौथ्या तिमाहीतल्या पगाराच्या तपशिलाला सी ४. नावं पाठ करू नका, सॉफ्टवेअर विचारतं.

एक सावधगिरी, आणि इथं मी स्वतः पोळलेलो आहे. सुरुवातीच्या काळात एका पार्टीचं पॅनचं काम मी एका कॉन्सोवर केलं, आठवड्यानं चलानचं काम त्याच जुन्या कॉन्सोवर केलं. दुसरी फाइल नाकारली गेली, आणि मी दोन दिवस बँकेला दोष देत बसलो. पहिली दुरुस्ती स्वीकारली गेली की जुनी कॉन्सो शिळी. दर वेळी ताजी मागवायची.

चलानचा विषय निघालाच आहे तर एक्सेलबद्दल. बीएसआर कोड सात आकडी, चलान क्रमांक पाच आकडी, आणि दोन्हींच्या पुढं शून्य असू शकतं. एक्सेल ते शून्य खाऊन टाकतं. कोड सहा आकडी दिसला की समजायचं. तो कॉलम आधी टेक्स्ट करून घ्या.

उशिरा भरण्याचं व्याज पुष्कळांना अन्याय वाटतं. ३१ मे रोजी कापलेला कर ७ जूनपर्यंत भरायचा. तुम्ही ८ जूनला भरलात. एक दिवस उशीर, पण व्याज दोन महिन्यांचं, कारण मे एक महिना आणि जून दुसरा. दरमहा दीड टक्का, म्हणजे तीन टक्के. १८,४०० च्या चलानला ५५२ रुपये. भांडून उपयोग नाही, भरा. पण ते टीडीएसच्या खात्यात घुसवू नका, व्याजाचं वेगळं लेजर (खातं) काढा, नाहीतर वर्षअखेरीस ५५२ चा फरक शोधत बसाल.

आता त्याच सुपरवायझरची दुसरी गोष्ट. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात नव्या प्रणालीची प्रमाणित वजावट ५०,००० वरून ७५,००० झाली आणि कराचे टप्पेही बदलले. या फाउंड्रीनं सॉफ्टवेअर अपडेट केलं नाही. पगारातून दरमहा तेच ४,०३० कापत राहिले. वर्षाचे झाले ४८,३६०, आणि खरा कर होता ४०,०४०. माणसाचे ८,३२० जास्त गेले. वर्षाच्या आत लक्षात आलं असतं तर पुढच्या महिन्यांत कमी कापून जुळवता आलं असतं, कायदा तशी मुभा देतो. मार्च उलटल्यावर मालक म्हणाले, दुरुस्ती विवरणात कापलेली रक्कमच कमी दाखवू. अजिबात नाही! पैसे त्याच्या पगारातून गेले, सरकारजमा झाले, तेच दाखवायचं. आकारणी मात्र बरोबर हवी: चौथ्या तिमाहीच्या पगाराच्या तपशिलात वजावट ७५,००० आणि देय कर ४०,०४०. उरलेले तो स्वतःच्या विवरणपत्रातून परत मागेल.

हे सगळं झाल्यावर टॅली उघडायचं. मास्टरमधला पॅन बदला, हरकत नाही. पण पगाराची जुनी व्हाउचरं उघडू नका. जी रक्कम खरंच दिली आणि कापली ती तशीच राहू द्या, फरकाची नोंद आजच्या तारखेनं, खाली दुरुस्ती विवरणाचा टोकन नंबर लिहून. ज्यांची कंपनी आहे त्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. कुणी, कधी, काय बदललं ते ऑडिटरला दिसतं. मागच्या तारखेच्या व्हाउचरना कट-ऑफ लावायची सोय टॅलीत आहे. ती वापरा. मालकच रात्री बसून व्हाउचर बदलतात अशी माझी तक्रार आहे, हिशेबनिसांची नाही.

(श्रोत्यांमधून: व्यवसाय कराचं?) तो राज्याचा, त्याचं विवरण वेगळं. पण चूक ओळखीची. दहा हजारांच्या वर पगार असेल तर अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून २,५००. टॅलीतल्या पे-हेडमध्ये (पगाराच्या बाबीत) फेब्रुवारी वेगळा टाकायला विसरतात. आणि २५,००० पर्यंत पगाराच्या बायकांना २०२३ सालापासून माफी आहे, तरी कापणारे अजून भेटतात. परत करा त्यांचे.

शेवटी मुदत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, आणि विवरणाच्या दुरुस्तीची मुदत सहा वर्षांवरून दोनवर. त्यामुळे २०१८-१९ च्या चौथ्या तिमाहीपासून २०२३-२४ च्या तिसऱ्या तिमाहीपर्यंतच्या दुरुस्तीला शेवटची तारीख ३१ मार्च २०२६. उद्या सकाळी ट्रेसेसवर डिफॉल्टचा (थकबाकीचा) गोषवारा वर्षवार बघा. त्या सुपरवायझरचा फॉर्म १६, म्हणजे कापलेल्या कराचा दाखला, आम्ही दुरुस्तीनंतर नव्यानं काढून दिला, तर त्यानं आधी रक्कम नाही, पॅनचं शेवटचं अक्षर बोट ठेवून वाचलं.